टिंबक्टू : सोन्याचे साम्राज्य आणि पुस्तकांचे गाव

आपल्या बोलण्यात टिंबक्टू हे नाव आले तर ते बहुधा थट्टेनेच येते. फार दूरचे, जिथे कोणी कधी जात नाही असे ठिकाण सांगायचे झाले की इंग्रजी शिकलेला माणूस टिंबक्टूचे नाव घेतो. पण हे गाव कल्पनेतले नाही. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात, नायजर नदी जिथे सहाराच्या वाळवंटाला भिडते आणि पुन्हा दक्षिणेकडे वळू लागते, तिथून थोड्या अंतरावर ते आजही उभे आहे.

मुसलमानांच्या विद्येचा इतिहास सांगताना आपण बगदादचे बैतुल हिकमा, कैरोचे अल-अझहर, कॉर्डोव्हाचे ग्रंथालय यांची नावे घेतो. ही नावे घेताना ऊर भरून येतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु भाषण संपते, टाळ्या होतात आणि शाळेच्या छपराचा, शिक्षकांच्या पगाराचा, दहावीनंतर घरी बसलेल्या मुलीचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून प्रस्तुत लेखात एका कमी परिचित साम्राज्याकडे वळून एकच प्रश्न विचारायचा आहे. विद्या कोणाच्या बळावर टिकते? तख्ताच्या, दौलतीच्या, की उस्तादाच्या?

सोने आणि मीठ

माली साम्राज्याचा पाया इ. स. १२३५ च्या सुमारास घातला गेला. सुंदियाता कैता या मांदिंका सरदाराने किरिनाच्या लढाईत सोसो राजा सुमांगुरू याचा पराभव केला आणि विखुरलेल्या टोळ्यांना एका सत्तेखाली आणले. त्याची कथा लिहून ठेवलेली नव्हती. वंशावळी आणि पराक्रम मुखोद्गत ठेवणाऱ्या 'जेली' म्हणजे भाटांनी ती पिढ्यान् पिढ्या गाऊन जिवंत ठेवली.

या राज्याचे ऐश्वर्य दोन वस्तूंवर उभे होते. दक्षिणेकडील बांबुक आणि बुरे या प्रदेशांत सोने सापडे. उत्तरेकडे वाळवंटाच्या पोटात तगाझा येथे मिठाच्या खाणी होत्या. उष्ण प्रदेशात माणसाला आणि जनावराला मीठ हवेच, आणि दक्षिणेत तर मिठाचा दुष्काळ. त्यामुळे उंटांच्या काफिल्यांतून मीठ खाली येई आणि सोने वर जाई. इ. स. १३५२ मध्ये या वाटेने गेलेला प्रवासी इब्न बतूता सांगतो की, उंटभर मिठाला वाळवंटाच्या दक्षिण टोकावरील वलाता येथे ८ ते १० मिस्काल सोने मिळे. तेच मीठ मालीच्या राजधानीत पोहोचले की त्याची किंमत २० ते ३० आणि कधी ४० मिस्कालांपर्यंत जाई. या वाढत्या किंमतीवर व्यापारी जगत आणि काफिल्यांच्या जकातीवर राजाचा खजिना भरत असे.

राजे मुसलमान झाले होते, मात्र सोने काढणारे लोक आपल्या जुन्या श्रद्धा पाळत. त्यांना मुसलमान करण्याचा प्रयत्न झाला की त्या भागातील सोने कमी होते, असा अनुभव आल्याने राजांनी त्यांना त्यांच्या धर्मावर राहू दिले, अशी नोंद अरब ग्रंथकार अल-उमरी याने केली आहे. सहिष्णुतेमागे नेहमी उदात्त विचारच असतो असे नाही. पुष्कळदा व्यवहारही माणसाला शहाणपण शिकवतो.

मन्सा मूसाची हजयात्रा

'मन्सा' म्हणजे राजा. मालीच्या राजांपैकी मन्सा मूसा हा सर्वांत प्रसिद्ध. तो इ. स. १३१२ मध्ये गादीवर आला आणि १३२४ मध्ये हजला निघाला. वाटेत कैरो लागले. त्याच्याबरोबर सोन्याने लादलेले शंभर उंट होते, असे अल-उमरीला कैरोत सांगण्यात आले. सुलतान अन-नासिर मुहम्मद याच्यापुढे वाकण्याचा आग्रह झाला तेव्हा त्याने आढेवेढे घेतले आणि आपण सजदा करतो तो आपल्या निर्माणकर्त्याला, असे सांगून मान झुकवली. राजा म्हणून स्वाभिमान आणि मोमिन म्हणून नम्रता या दोन्ही गोष्टी त्याने सांभाळल्या.

कैरोत त्याने एवढे सोने वाटले आणि खर्चले की बाजारात सोन्याचा भावच पडला. एका मिस्कालाला एरवी २५ दिरहमांहून कमी कधी मिळत नसत, तो भाव २२ दिरहमांच्या आत उतरला. सुमारे १२ वर्षांनी अल-उमरी कैरोला आला तेव्हाही सोने सावरलेले नव्हते. आणि मौज अशी की, परतीच्या वाटेवर या जगप्रसिद्ध धनवंताजवळचे पैसे संपले. त्याला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून भरमसाट नफ्याच्या बोलीवर कर्ज काढावे लागले.

हजची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. मूसाने पुढे जे केले ते कमी सांगितले जाते. परतताना त्याने ग्रॅनाडाचा कवी व वास्तुकार अबू इसहाक अस-साहिली याला बरोबर आणले. टिंबक्टूची जिंगेरेबेर ही मोठी मशीद याच काळात, १३२७ च्या सुमारास उभी राहिली. चिखलमातीची ही इमारत आजही उभी आहे, कारण गावकरी एकत्र येऊन तिला वेळोवेळी मातीचा गिलावा देतात. दुसरी गोष्ट म्हणजे, मूसाने आपल्या देशातील विद्यार्थी मोरोक्कोतील फेस शहरी शिकायला पाठवले. त्यांपैकी कातिब मूसा हा परत येऊन मोठ्या मशिदीचा इमाम झाला आणि त्याने ४० वर्षे ते काम केले.

या धोरणाचे फळ किती लवकर आले पाहा. मूसाबरोबर हिजाझहून अब्दुर्रहमान अत-तमीमी नावाचे एक आलिम टिंबक्टूला आले. येथील लोकांना आपण शिकवू अशी त्यांची कल्पना असावी. परंतु स्थानिक काळे फकीह फिक्हशास्त्रात आपल्यापेक्षा सरस आहेत असे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी संकोच केला नाही. ते फेसला गेले, तेथे अभ्यास केला आणि मग परत येऊन टिंबक्टूला स्थायिक झाले. ही हकीकत अस-सादी याने सतराव्या शतकात लिहिलेल्या 'तारीख अस-सुदान' या ग्रंथात दिली आहे. आपण कमी पडतो हे ओळखून पुन्हा विद्यार्थी होणारा आलिम मला त्या शंभर उंटांपेक्षा मोठा वाटतो.

समाजाची वीण

राजाचा दरबार कसा होता? इब्न बतूताने पाहिले की, ईदच्या दिवशी नमाज आणि खुतबा झाल्यावर त्याच दरबारात पिसांचा वेश आणि चोचीचा मुखवटा घातलेले भाट राजापुढे उभे राहून पूर्वजांच्या सत्कृत्यांची आठवण देत. राजाशी बोलण्यापूर्वी लोक आपल्या डोक्यावर धूळ टाकून घेत. नवा धर्म आला तरी जुनी रीत एकदम गेली नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदत राहिल्या.

समाजाचे तीन मोठे थर होते. 'होरोन' म्हणजे स्वतंत्र कुळांतील लोक; 'न्यामकला' म्हणजे लोहार, चर्मकार, भाट असे जन्माने धंदा ठरलेले लोक, ज्यांचे बेटीव्यवहार आपसांतच होत; आणि 'जोन' म्हणजे गुलाम. हे वर्णन वाचताना भारतीय वाचकाला काही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सर्व माणसे एका आदमची लेकरे, ही शिकवण मशिदीच्या सफेत उभे राहताना पाळली जाई. लग्न ठरवताना ती बाजूला पडे. आपल्याकडील बिरादऱ्यांचा अनुभव काही निराळा नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र इब्न बतूताला धक्का बसला. वलाता येथे लोक वंश बापाकडून न सांगता मामाकडून सांगत आणि वारसा भाच्याकडे जाई. असा प्रकार आपण मलबारच्या हिंदूंखेरीज कुठे पाहिला नाही, असे तो म्हणतो. तेथील स्त्रिया पडद्यात नसत, पुरुषांशी मोकळेपणाने बोलत. त्याला ते मुळीच रुचले नाही. पण त्या नमाजाच्या पक्क्या होत्या हे त्याने प्रामाणिकपणे लिहिले. राज्यातील न्याय आणि प्रवाशांची सुरक्षितता यांची त्याने तोंडभरून स्तुती केली. कुराण मुखोद्गत करण्याची तेथील लोकांची ओढ एवढी होती की, पाठांतरात कुचराई करणाऱ्या मुलांना ते पुरे होईपर्यंत बेड्या घालत, असेही तो सांगतो. आज कोणताही शिक्षक या शिक्षेचे समर्थन करणार नाही. पण ओढ खरी होती.

हाच इब्न बतूता मालीला जाण्यापूर्वी हिंदुस्थानात राहून गेला होता. दौलताबाद, गोवा अशी आपल्या ओळखीची ठिकाणे त्याने पाहिली. गोव्याच्या दक्षिणेस किनाऱ्यावरील होन्नावर येथे त्याला मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा आढळल्या आणि तेथील स्त्रियांना कुराण तोंडपाठ होते. असे आपण अन्यत्र कुठेही पाहिले नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. चौदाव्या शतकात आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर मुलींच्या १३ शाळा होत्या! मुलीला शिकवणे ही परकी कल्पना आहे असे म्हणणाऱ्याला हा एवढा दाखला पुरे व्हावा.

सांकोरेची वाट

मालीची सत्ता पुढे ढासळली. १४६८ मध्ये सोंघाई राजा सुन्नी अली याने टिंबक्टू जिंकले. त्याच्या जाचामुळे कित्येक आलिम वलात्याला पळून गेले. १४९३ मध्ये आस्किया मुहम्मद सत्तेवर आला आणि त्याने विद्वानांना पुन्हा मान दिला. सोळावे शतक हा टिंबक्टूच्या विद्येचा बहराचा काळ.

या विद्येचे केंद्र म्हणजे सांकोरेची मशीद आणि तिच्या भोवतीची घरे. ही मशीद बांधली ती कोणा राजाने नव्हे. एका श्रीमंत स्त्रीने स्वतःच्या पैशाने ती बांधवली, एवढे 'तारीख अस-सुदान' सांगते. पुढे काजी अल-आकिब यांनी तिचा जीर्णोद्धार केला.

सांकोरेला आज विद्यापीठ म्हणतात, परंतु आपल्या डोळ्यांपुढे येते तसे ते विद्यापीठ नव्हते. तेथे कुलगुरू नव्हते, परीक्षामंडळ नव्हते, वसतिगृहाची इमारत नव्हती. विद्यार्थी एखाद्या उस्तादाकडे जाई, त्याच्यापुढे एक ग्रंथ ओळीने वाची, समजावून घेई आणि पुरा झाला की उस्ताद त्याला त्या ग्रंथाचा 'इजाजा' म्हणजे शिकवण्याची परवानगी देई. त्या पत्रात उस्तादाचा उस्ताद, त्याचा उस्ताद अशी नावांची साखळी असे. पदवी संस्थेची नसून माणसाने माणसाला दिलेली असे.

'तारीख अल-फत्ताश' या दुसऱ्या ग्रंथात मुलांच्या मक्तबांची संख्या १५० ते १८० दिली आहे. एका शिक्षकाच्या अंगणात ग्रंथकाराने लाकडी पाट्या मोजल्या, त्या १२३ भरल्या. दर बुधवारी मुले आपापल्या ऐपतीप्रमाणे ५ ते १० कवड्या शिक्षकाला आणून देत. या कवड्या हिंदी महासागरातील मालदीव बेटांतून हजारो कोसांचा प्रवास करून तेथे पोचलेल्या असत आणि नाण्यासारख्या चालत. त्याच ग्रंथात गावातील शिंप्यांच्या २६ कारखान्यांची नोंद आहे. प्रत्येकात ५० ते १०० शागीर्द काम शिकत. सुईचे काम आणि विद्येचे काम एकाच गावात, शेजारी शेजारी चाले.

पुस्तकांची तर चंगळ होती. १५१० च्या सुमारास तेथे गेलेला प्रवासी अल-हसन अल-वझ्झान, ज्याला युरोप लिओ आफ्रिकानुस म्हणून ओळखतो, लिहितो की उत्तर आफ्रिकेतून आलेल्या हस्तलिखितांच्या विक्रीत इतर कोणत्याही मालापेक्षा जास्त नफा होई. ज्या बाजारात सोने आणि मीठ विकले जात होते त्या बाजाराबद्दल हे लिहिलेले आहे, हे विसरू नये.

उस्ताद बगायोगो

या गावातील एका शिक्षकाची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुहम्मद बगायोगो हे त्यांचे नाव. त्यांचे निधन १५९४ मध्ये झाले. त्यांच्याबद्दल आपल्याला कळते ते त्यांचे शिष्य अहमद बाबा यांच्या लेखनातून.

बगायोगो सकाळच्या नमाजापासून शिकवायला बसत आणि मधली काही कामे उरकून दिवसभर, रात्रीपर्यंत निरनिराळ्या विद्यार्थ्यांना निरनिराळे ग्रंथ शिकवत. हुशार विद्यार्थ्याला शिकवणे सोपे असते. त्यांची खरी कीर्ती होती ती मंदबुद्धी विद्यार्थ्याला न कंटाळता शिकवण्याबद्दल. त्यांचा हा संयम पाहून एक जण म्हणाला होता की, शिकवण्याचा कधीच कंटाळा येऊ नये म्हणून या फकीहांनी झमझमचे पाणी प्यालेले दिसते.

दुसरी गोष्ट त्यांच्या पुस्तकांची. दुर्मिळ, मौल्यवान हस्तलिखितेही ते मागेल त्याला देत. दारात अनोळखी विद्यार्थी येई, पुस्तकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी देई. ते आत जाऊन पुस्तक शोधून आणून देत आणि हा कोण, कुठला, हे विचारतही नसत. दिलेले पुस्तक परत मागायलाही ते जात नसत. त्यामुळे त्यांची बरीच पुस्तके गेली. हाताने नकललेले एकेक पुस्तक केवढ्या मोलाचे असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या औदार्याची किंमत कळते. आपल्याकडील किती शाळांत ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप असते आणि किल्ली रजेवर गेलेली असते, हे वाचकांना मी सांगायला नको.

तोफेपुढे विद्या

मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याला सोन्याचे उगम हवे होते. त्याने बंदुकधारी फौज वाळवंट ओलांडून पाठवली. मार्च १५९१ मध्ये तोंदिबी येथे सोंघाईचे मोठे सैन्य बंदुकांपुढे मोडले. आक्रमण करणारे मुसलमान होते, ज्यांच्यावर आक्रमण झाले तेही मुसलमान होते. सत्तेच्या हव्यासाला मजहब आड येत नाही, हे इतिहासात पुनः पुन्हा दिसते.

१५९३ मध्ये टिंबक्टूच्या आलिमांना अटक झाली. त्यांची घरे लुटली गेली आणि पुढील वर्षी त्यांना साखळ्या घालून वाळवंटातून मराकेशला नेण्यात आले. त्यांत अहमद बाबा होते. वाटेत उंटावरून पडून त्यांचा पाय मोडला. सुलतानापुढे उभे राहून त्यांनी सांगितले की, आपल्या आप्तांमध्ये माझाच ग्रंथसंग्रह सर्वांत लहान होता, आणि त्यातूनही १,६०० पुस्तके लुटली गेली. सुटका झाल्यावर त्यांनी मराकेशमध्ये वर्ग भरवला. ज्यांनी त्यांना कैद करून आणले त्यांच्याच देशातले विद्वान त्यांच्यापुढे शिकायला बसले. अल-मन्सूरच्या मृत्यूनंतर १६०८ मध्ये ते मायभूमीला परतले आणि १६२७ मध्ये निवर्तले.

एक पान, जे गाळू नये

गौरवाचा इतिहास सांगणारे लोक पुढचे पान गाळतात. तगाझाच्या ज्या मिठाबद्दल वर लिहिले, ते मीठ खणणारे सारे गुलाम होते. त्या उजाड जागी घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या ठोकळ्यांची होती, छपरे उंटाच्या कातड्याची. इब्न बतूता मालीहून परतला तो ज्या काफिल्याबरोबर, त्यात ६०० गुलाम स्त्रिया होत्या. म्हणजे सांकोरेच्या अंगणातील पाट्या आणि बगायोगोंची पुस्तके ज्या समृद्धीवर उभी होती, तिच्या पायात माणसांच्या बेड्याही होत्या.

तेथील विद्वानांना हे दिसत नव्हते काय? काही अंशी दिसत होते. १६१५ मध्ये तुवात येथील लोकांनी अहमद बाबांना प्रश्न विचारले की, काळ्या लोकांच्या देशातून विकायला येणाऱ्या गुलामांचे काय? त्यांनी उत्तर दिले की, काळा रंग हे गुलामीचे कारण असूच शकत नाही. हामच्या वंशाला शाप मिळाला म्हणून काळे लोक गुलाम होतात, ही कथा त्यांनी नाकारली. जे प्रदेश मुसलमान म्हणून प्रसिद्ध आहेत तेथील माणूस स्वतंत्र आहे, त्याला विकत घेता येणार नाही, आणि शंका असेल तर ती विकत घेणाऱ्याच्या विरुद्ध धरावी, असा त्यांचा कौल होता. त्या काळात हे लिहायला धैर्य लागत होते.

पण ते येथेच थांबले. युद्धात पकडलेल्या गैरमुस्लिमाला गुलाम करणे त्यांनी गैर मानले नाही. एवढा मोठा आलिम, स्वतः साखळीत बांधला जाऊन वाळवंट चाललेला. तरीही आपल्या काळाचे कुंपण त्याला पूर्ण ओलांडता आले नाही. हे आपण त्यांचा दोष काढण्यासाठी लिहीत नाही. विद्या असली की न्याय आपोआप येतो, हा आपला गोड समज दूर व्हावा म्हणून लिहितो. आपल्या घरात, जमातीत, संस्थेत आज आपल्याला कोणता अन्याय दिसत नाही, हा प्रश्न प्रत्येक पिढीने स्वतःला विचारायला हवा.

काय उरले?

माली गेली, सोंघाई गेली. सोने कुठे गेले याचा पत्ता नाही. पण हस्तलिखिते उरली. राजवाड्याच्या ग्रंथालयात असती तर ती पहिल्याच लुटीत संपली असती. ती घराघरांत होती. कातडी पिशव्यांत, लाकडी पेट्यांत, कधी वाळूत पुरलेली. बापाने मुलाला, आईने मुलीला सांभाळायला दिलेली. त्यांत कुराण आणि फिक्ह आहे, तसेच व्याकरण, वैद्यक, खगोल, गणित, व्यापाराचे करार आणि खाजगी पत्रेही आहेत.

२०१२ मध्ये सशस्त्र गटांनी टिंबक्टूचा ताबा घेतला आणि धर्माच्या नावाखाली तेथील वलींच्या कबरींवरील वास्तू फोडल्या. त्या वेळी गावातील ग्रंथपालांनी आणि सामान्य माणसांनी जिवावर उदार होऊन हस्तलिखिते पत्र्याच्या ट्रंकांत भरली आणि गाडवगाड्यांतून, मोटारींतून, नावांतून शेकडो मैल दूर बामाको या राजधानीत पोचवली. १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या आणि अहमद बाबांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेतील सुमारे ४,००० हस्तलिखिते नष्ट झाली वा गेली. पण फार मोठा साठा वाचला. फोडलेल्या वास्तू २०१५ पर्यंत तेथील गवंड्यांनीच पुन्हा बांधल्या. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने या विध्वंसाबद्दल एका आरोपीस ९ वर्षांची शिक्षा दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रंकांची पहिली खेप बामाकोहून टिंबक्टूला परत आली.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तख्ताने मदत केली हे खरे. मूसाने विद्यार्थी फेसला पाठवले नसते तर पुढचे पुष्कळ घडले नसते. दौलतीनेही हातभार लावला. त्या अनाम स्त्रीने मशीद बांधवली. परंतु तख्त उलथल्यावर आणि दौलत लुटली गेल्यावरही जे चालू राहिले, ते मंद मुलाला न कंटाळता शिकवणाऱ्या उस्तादामुळे, अनोळखी माणसाला पुस्तक देणाऱ्या हातामुळे आणि पेटी सांभाळणाऱ्या घरांमुळे.

आपल्या शिक्षणसंस्थांजवळ सोन्याचे शंभर उंट नाहीत आणि ते येणारही नाहीत. परंतु दर बुधवारी ५ कवड्या आणणारी मुले आहेत. त्यांच्यातले जे मागे पडले आहे, ज्याच्याबद्दल 'याच्या डोक्यात काही शिरत नाही' असे आपण शिक्षकदालनात सहज बोलून जातो, त्याच्याजवळ वर्षभर कोण बसणार? एवढे ठरले तरी या स्मरणिकेतील हे पान वाचल्याचे सार्थक होईल.